जो, तो आणि इंग्रजीचा ‘व्हिच’

नागपूरच्या संत्रा-बाजारांतील एक व्यापारी कलकत्त्याच्या आपल्या अडत्यास इंग्रजींत पत्र लिहवितो असें समजावें. त्याला कळवावयाचें आहे तें इतकेंच कीं, पाठविलेल्या मालांत जीं संत्रीं काटोलहून आलीं तीं गोड आहेत, तेव्हां त्यांस चढा भाव यावा. कारकून वाक्य लिहितो : ‘दि ऑरेंजेस व्हिच केम फ्रॉम काटोल आर स्वीट.’ येथवर सर्व ठीक आहे. परंतु कारकून नीटनेटका पडला. ‘ऑरेंजेस’पुढें एक आणि ‘काटोल’पुढें एक असे दोन स्वल्पविराम तो देतो, आणि पत्राचा अर्थ पालटतो. आतां तें वाक्य असें सांगूं लागतें कीं, मालांतील सारींच संत्रीं काटोलचीं असून सारींच गोड आहेत. अडत्यानें पेट्या उघडल्या आणि निम्म्या आंबट निघाल्या, तर तो व्यापाऱ्यास लबाड म्हणेल, व तें पत्र पुढें करूनच म्हणेल. कारकुनानें ‘व्हिच’च्या जागीं ‘दॅट’ घातला असता तर हा घोटाळा होताच ना. कारण ‘दॅट’ हा शब्द असले स्वल्पविराम आपल्या अंगाला लावून घेत नाहीं.

‘व्हिच’ कीं ‘दॅट’ हा प्रश्न शाळेंत मात्र निराळ्या रूपानें येतो. तेथें मुलास एक कोष्टक मिळतें : जो म्हणजे ‘हू’, जी म्हणजे ‘हू’, जें म्हणजे ‘व्हिच’. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर महाराष्ट्रांतील पिढ्या वाढल्या, नेस्फील्डच्या व्याकरणावर कॉलेजांत गेल्या, आणि पुढें रेन व मार्टिन या जोडीचें व्याकरण घरोघर आलें. या पुस्तकांतून नियम बरोबर दिलेले असतात. पण मुलाच्या डोक्यांत शेवटीं राहतें तें कोष्टकच. आणि कोष्टक फसवें आहे. मराठीचें संबंधी सर्वनाम लिंग पाहतें, मनुष्य कीं वस्तु हें पाहत नाहीं. इंग्रजीचें मनुष्य कीं वस्तु हें पाहतें, लिंग पाहत नाहीं. ‘जो कुत्रा’ म्हणणारा मुलगा कुत्र्याला ‘हू’ लावतो. ‘जी बैलगाडी’ म्हणणारा बैलगाडीला ‘हू’ लावतो. आणि ‘जें मूल’ म्हणतांना बिचाऱ्या मुलाला ‘व्हिच’ म्हणून मोकळा होतो. आदरार्थी बहुवचनांत तर मौज आणखी वाढते. ‘जे कलेक्टरसाहेब आले’ यांतील ‘जे’ आणि ‘जें पुस्तक आलें’ यांतील ‘जें’ हे दोन शब्द पूर्वीं अनुस्वारानें तरी निराळे दिसत. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनीं तो अनुस्वार गेला, आणि कोष्टकावर भिस्त ठेवणाऱ्या मुलाच्या हातून कलेक्टरसाहेब आतां सहज ‘व्हिच’ ठरतात.

नागपूरच्या मुलाची अडचण दुहेरी म्हणावी लागते. त्याच्या कानीं घरांत मराठी आणि बाजारांत हिंदी असते. हिंदीचा ‘जो’ लड़का असो कीं लड़की, बदलत नाहीं. मराठीचा पदोपदीं बदलतो. त्यांत इंग्रजीचे तीन शब्द येऊन पडले म्हणजे त्याला वाटतें कीं हा सारा शब्दांच्या पाठांतराचा मामला आहे.

मनुष्यास ‘हू’ आणि वस्तूस ‘व्हिच’ हा नियम इंग्रजींत तरी अनादि आहे काय ? मुळींच नाहीं. १६११ सालीं छापल्या गेलेल्या इंग्रजी बायबलांतील प्रभूच्या प्रार्थनेंत प्रत्यक्ष परमेश्वरास ‘व्हिच’ लावलेला आहे, आणि त्या काळच्या वाचकास त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. अमेरिकेंत १७८९ च्या प्रार्थनापुस्तकानें तेथें ‘हू’ घातला. तेव्हां कलेक्टरसाहेबांस ‘व्हिच’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास फार हंसण्याचें कारण नाहीं.

या शब्दांचें कूळ पाहिलें तर प्रश्न अधिक उलगडतो. मराठीचा ‘जो’ संस्कृतांतील ‘यद्’ या सर्वनामापासून आला. ‘तो’ आला ‘तद्’पासून, आणि ‘कोण’ हा प्रश्नार्थक ‘क’च्या घराण्यांतला. इंग्रजीही त्याच दूरच्या पूर्वजांची वंशज असल्यामुळें तिच्यांत ‘तद्’चा भाऊबंद आहे, तो हा ‘दॅट’. आणि ‘क’चे भाऊबंद आहेत, ते हे ‘हू’ व ‘व्हिच’. परंतु ‘यद्’च्या जोडीचें संबंधी सर्वनाम मात्र इंग्रजीच्या घरांत नाहीं. ज्या कामाला मराठींत स्वतंत्र नोकर आहे, तें काम इंग्रजीनें प्रथम ‘तो’कडून करून घेतलें आणि मागाहून ‘कोण’ला त्यावर नेमलें. एका कामावर दोन घराण्यांचीं माणसें ठेविलीं म्हणजे भांडण व्हावयाचेंच. तें झालेंही. १७११ सालीं लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ पत्रांत स्टीलनें एक गमतीचा अर्ज छापला; अर्जदार ‘हू’ आणि ‘व्हिच’, आणि तक्रार अशी कीं ‘दॅट’ या उपऱ्यानें त्यांची जागा बळकाविली आहे. दोनच दिवसांनीं ‘दॅट’च्या वतीनें प्रत्युत्तरही छापून आलें. वस्तुतः ‘दॅट’ हाच त्या घरांतला जुना रहिवासी. उपरे म्हणावयाचे तर अर्जदारच.

या भांडणाची वाटणी करून देण्याचा नामांकित प्रयत्न फौलर यांचा. १९२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘मॉडर्न इंग्लिश यूसेज’ या कोशांत त्यांनीं सुचविलें कीं, नामाची मर्यादा ठरविणाऱ्या पोटवाक्यास ‘दॅट’ द्यावा, आणि केवळ जादा माहिती सांगणाऱ्या पोटवाक्यास ‘व्हिच’. सूचना सुटसुटीत होती. परंतु फौलर प्रामाणिक गृहस्थ होते. बहुसंख्य लेखक तर राहोतच, चांगले लेखकसुद्धां असें लिहीत नाहींत, हें त्यांनीं तेथेंच कबूल करून टाकलें. पुढें अमेरिकेंतील संपादकांनीं ही सूचना कायद्यासारखी पाळली. इंग्लंडांत मर्यादा ठरविणाऱ्या पोटवाक्यास ‘व्हिच’ लावणें आजही दोष मानला जात नाहीं. हल्लीं संगणक अशा ‘व्हिच’खालीं रेघ ओढतो, आणि गरीब विद्यार्थी घाबरून तो खोडतो, त्यानें इतकें घाबरण्याचें कारण नाहीं. खरी चूक उलट दिशेची आहे. जादा माहितीच्या पोटवाक्यास ‘दॅट’ लावला तर तें वाक्य इंग्रजी कानास खटकतेंच. तसेंच शब्दयोगी अव्ययाच्या मागून ‘दॅट’ येत नाहीं. ‘इन व्हिच’ चालतें, ‘इन दॅट’ या अर्थीं चालत नाहीं. उत्तमत्वदर्शक विशेषणापुढें, किंवा ‘ऑल’, ‘नथिंग’, ‘ओन्ली’ यांच्यापुढें ‘दॅट’ बरा, असेंही व्याकरणांतून सांगतात. त्याचें कारण पाठ करण्याची गरज नाहीं, कारण जेथें ‘सर्व’ किंवा ‘एकच’ म्हटलें तेथें बहुधा मर्यादा घालणेंच चाललेलें असतें.

मर्यादा घालणें आणि माहिती देणें, हाच या प्रश्नाचा गाभा आहे, आणि तो आपल्याकडील शास्त्रकारांस मुळींच नवा नव्हता. विशेषण दोन प्रकारचें असतें. एक व्यावर्तक, म्हणजे इतरांपासून वेगळें काढणारें. दुसरें नुसतें स्वरूपकथन करणारें. ‘निळें कमळ’ म्हटल्यानें पांढरीं व तांबडीं कमळें बाजूस सरतात. ‘उष्ण अग्नि’ म्हटल्यानें कोणताच अग्नि बाजूस सरत नाहीं, कारण थंड अग्नि जगांत नाहीं. जेथें तो गुण असूं शकतो आणि नसूंही शकतो, तेथेंच विशेषणाला अर्थ येतो, असा मीमांसकांचा दंडक आहे. मीमांसकांनीं हें यज्ञांतील विधिवाक्यांचा अर्थ लावण्यासाठीं ठरविलें. फौलर यांनीं वर्तमानपत्रांतील वाक्यांसाठीं. कसोटी एकच.

आतां मराठी हें काम कसें करते तें पाहावें. ‘ज्याच्या हातीं ससा तो पारधी’ ही म्हण घ्यावी. येथें ‘ज्याच्या’ अगोदर येतो, ‘तो’ मागाहून येऊन त्याला उचलतो, आणि या दोघांच्या चिमट्यांत नेमका एक माणूस सांपडतो. पोटवाक्य आधीं ठेवून मागून ‘तो’नें त्याची गांठ मारली, कीं अर्थ व्यावर्तकच होतो, दुसरा होऊंच शकत नाहीं. ‘जीं संत्रीं काटोलहून आलीं तीं गोड आहेत’ या वाक्याचा अर्थ कितीही खुणा दिल्या तरी पालटत नाहीं. येथें हेंही ध्यानांत घ्यावें कीं, मोडी लिपींत विरामचिन्हें नव्हतीं, दोन शब्दांमध्यें जागा सोडण्याचीही पद्धति नव्हती. भोसल्यांच्या दप्तरांतील कागद उलगडले तर अक्षरें एका ओळीखालीं लोंबतांना दिसतात. स्वल्पविराम मराठींत आला तो इंग्रजींतून. छापखान्यांच्या काळांत मेजर कँडी यांच्यासारख्यांनीं तो रूढ केला. त्यापूर्वींच्या मराठीनें ही जबाबदारी शब्दांच्या क्रमावर आणि ‘जो-तो’च्या जोडीवर टाकली होती, आणि ती जोडी हें काम आजही चोख करते.

इतकेंच नव्हे, तर मराठी पुष्कळदां ‘जो’ला घरीं ठेवून एकट्या ‘तो’वर काम भागविते. ‘बळी तो कान पिळी’, ‘खाण तशी माती’, ‘कर नाहीं त्याला डर कशाला’ — या तिन्ही म्हणींत ज-चें सर्वनाम गळालेलें आहे, आणि कोणाचें कांहीं अडत नाहीं. इंग्रजींतही ‘दि मॅन आय सॉ’ या शब्दांत संबंधी सर्वनाम गळतें. फरक एवढाच कीं, इंग्रजींत तें गळलें कीं त्याच्या जागीं कांहीं उरत नाहीं, आणि मराठींत ‘तो’ खुणेसारखा उभा राहतो. आणि गंमत अशी कीं, इंग्रजींत सर्वनाम गळूं शकतें तें व्यावर्तक वाक्यांतलेंच. नुसती माहिती सांगणाऱ्या वाक्यांतलें कधींच गळत नाहीं.

मग मराठींत जादा माहिती कशी द्यावयाची ? जुनी तऱ्हा सरळ आहे : वाक्य तोडावें. ‘माझा भाऊ पुण्यास असतो. तो काल आला.’ किंवा ‘असून’ घालावें : ‘माझा भाऊ पुण्यास असून तो काल आला.’ अलीकडे मात्र ‘माझा भाऊ, जो पुण्यास असतो, तो काल आला’ अशीं वाक्यें वर्तमानपत्रांतून आणि भाषणांतून सर्रास येतात. ही बांधणी उघड उघड इंग्रजी घाटाची आहे, आणि जुन्या वळणाच्या माणसास ती खुपते. खुपावी हें स्वाभाविक आहे. परंतु तिच्यावर अगदींच बहिष्कार घालणें योग्य दिसत नाहीं. ‘जो’ नामाच्या मागून ठेवून जादा माहिती देण्याची सोय तिनें केली आहे. तिचा दुरुपयोग होतो तो निराळा : ज्यास वेगळें काढावयाचें त्यासाठींही लोक हीच बांधणी वापरूं लागले आहेत, आणि स्वल्पविराम तर लहर लागेल तेथें देतात.

विद्यार्थ्याला यांतून एक फार उपयोगी ताळा मिळतो, आणि तो कोणत्याही इंग्रजी पुस्तकापेक्षां त्याच्या जवळचा आहे. इंग्रजी पोटवाक्याचें मराठी करून पाहावें. तें ‘जो... तो’च्या चिमट्यांत नीट बसलें आणि अर्थ ढळला नाहीं, तर ‘दॅट’ घालावा, अथवा स्वल्पविरामावांचून ‘व्हिच’. तें ‘आणि तो’ किंवा ‘असून’ असें मोकळें सुटत असेल तर ‘व्हिच’ घालून दोन्ही बाजूंस स्वल्पविराम द्यावा. ‘दॅट’चें आणखी एक रूप या ताळ्यांत आपोआप बाजूला पडतें. ‘तो म्हणाला कीं’ यांतील ‘कीं’लाही इंग्रजींत ‘दॅट’च म्हणतात, आणि ‘तें घर’ यांतील ‘तें’लाही ‘दॅट’च म्हणतात. मराठी माणसाजवळ या तिहींसाठीं तीन शब्द असल्यामुळें, वास्तविक त्याचा गोंधळ इंग्रजापेक्षां कमी व्हावयास हवा.

एक ठिकाण मात्र असें आहे कीं तेथें मराठीही मूग गिळून बसते. तें म्हणजे धातुसाधित विशेषण. ‘पुण्यास राहणारा माझा भाऊ काल आला’ — बोलणाऱ्यास भाऊ एकच कीं चार ? एकच असेल तर ‘पुण्यास राहणारा’ ही माहिती. चार असतील तर ती निवड. शब्द तेच, क्रम तोच, आणि स्वल्पविरामाला येथें शिरावयास जागाच नाहीं. मराठीचीं उत्तम, आटोपशीर वाक्यें बहुधा याच बांधणीचीं असतात. आणि भाषांतरकाराची फजितीही याच बांधणींत होते.

ही फजिती नुसती शैलीची राहत नाहीं. नागपुरांत १९३६ सालीं हायकोर्ट स्थापन झालें. १९५६ मध्यें राज्यांची पुनर्रचना होऊन येथें मुंबई हायकोर्टाचें खंडपीठ बसूं लागलें. वरिष्ठ न्यायालयांची भाषा इंग्रजी, आणि वऱ्हाड-नागपुराकडील मृत्युपत्रें, वाटण्या, भाडेचिठ्ठ्या बहुधा मराठींत. मध्यें भाषांतर येतें. आणि कायद्यानें या प्रश्नाची दखल फार बारकाईनें घेतलेली आहे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या ७८ व ७९ या दोन कलमांखालीं एकाच शब्दयोजनेचें उदाहरण दोनदां दिलें आहे. एक मनुष्य मृत्युपत्रांत लिहितो कीं, अमक्या गांवची, अमक्या इसमाच्या वहिवाटींतली आपली पाणथळ जमीन त्यानें दुसऱ्यास दिली. आतां त्या गांवीं त्याची पाणथळ जमीन आहे, पण त्या इसमाच्या वहिवाटींत तिच्यांतली कांहींच नाहीं, असें निघालें तर ७८ वें कलम म्हणतें : वहिवाटीचे शब्द चुकीचें वर्णन म्हणून सोडून द्यावे, आणि जमीन सगळी द्यावी. परंतु कांहीं जमीन त्याच्या वहिवाटींत आहे व कांहीं नाहीं, असें निघालें तर ७९ वें कलम म्हणतें : जेवढी वहिवाटींत तेवढीच द्यावी. म्हणजे तेच शब्द पहिल्या प्रसंगीं निरुपयोगी स्वरूपकथन ठरतात, आणि दुसऱ्या प्रसंगीं जमिनीच्या मधोमध कुंपण घालतात. कोणता प्रसंग, हें वाक्य सांगत नाहीं, शेत सांगतें. त्याआधींच ७४ व्या कलमानें सांगून ठेविलें आहे कीं मृत्युपत्रांत पारिभाषिक शब्दांची गरज नाहीं, करणाऱ्याचा हेतु कळला म्हणजे झालें.

पारिभाषिक शब्दांचा उल्लेख आला म्हणजे नागपूरकरास डॉक्टर रघुवीर आठवल्याशिवाय राहत नाहींत. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारच्या आश्रयानें त्यांनीं येथें बसून राज्यकारभाराच्या आणि शास्त्रांच्या इंग्रजी शब्दांस संस्कृतोद्भव प्रतिशब्दांच्या राशी घडविल्या. आणि राज्यघटनेच्या हिंदी भाषांतराच्या समितीचे अध्यक्ष घनश्यामसिंह गुप्त हे याच प्रांताच्या विधानसभेचे अध्यक्ष होते. त्या शब्दांवर वाद पुष्कळ झाला. कांहीं रुळले, कांहीं हंसण्यावारीं गेले. पण तो सारा वाद नामांचा होता. ‘व्हिच’ला प्रतिशब्द काय, असें कोणी विचारलें नाहीं, कारण सर्वांस वाटलें कीं तो ठाऊकच आहे. कोशांत नाम सांपडतें. दोन वाक्यांमधील सांधा कोशांत सांपडत नाहीं, आणि भिंत सांध्यापाशींच तडकते.

मृत्युपत्र करणाऱ्यानें मराठींत ‘माझी जी जमीन अमक्याच्या वहिवाटींत आहे ती’ असें लिहिलें असेल तर भाषांतरकारानें स्वल्पविराम न देतां मर्यादेचें वाक्य करावें. ‘माझी जमीन अमक्या गांवीं असून ती अमक्याच्या वहिवाटींत आहे, ती मी देतों’ असें असेल तर ‘व्हिच’ आणि दोन स्वल्पविराम. पण त्यानें ‘अमक्याच्या वहिवाटींत असलेली माझी जमीन’ असें लिहून डोळे मिटले असतील, आणि बहुतेक लोक असेंच लिहितात, तर ‘व्हिच’ आणि ‘दॅट’ यांतला कोणताही शब्द उचलतांच भाषांतरकार न्यायाधीश होऊन बसतो. मयताच्या मनांत काय होतें याचा निवाडा त्याच्या लेखणीनें, पुराव्यावांचून, एका अक्षरांत होऊन जातो. कायद्याच्या त्या दोन कलमांतील उदाहरण पाहिलें तर तेथें दोहोंपैकीं एकही शब्द नाहीं. ज्या सूत्रकारानें तें रचलें त्यानें ‘वहिवाटींत असलेली’ इतकेंच इंग्रजींतही ठेविलें, आणि जें उघडें होतें तें उघडेंच राहूं दिलें.